रिकामी वाकळ देत न्हाईत

आमच्या अप्पांचं दुकान बारदान्याचं. बारदाना म्हणजे रिकामी पोती. लातूरच्या गोलाई बाजारामागं, दोन गल्ल्या सोडून. खाली दुकान आणि वर आम्ही राहायचो, म्हणून लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घराला तागाचा वास असतो. पोती झटकली की तुसाची धूळ उडायची, उन्हाच्या पट्ट्यात नाचायची, आणि अव्वा वरून ओरडायची की झाकण ठेवा रे पिण्याच्या पाण्यावर. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्यात आईला अव्वा, वडलांना अप्पा. अप्पांची मोठी बहीण आमच्याकडंच राहायची, तिला अप्पा अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो, सगळी गल्ली अक्काच म्हणायची. तिचं खरं नाव काय ते मला तिच्या मरणाच्या दाखल्यावर कळलं, तेही आता विसरले.

मी सांगते ती गोष्ट दुष्काळातली. दुष्काळात बारदान्याच्या दुकानाचं काय होतं ते लोकांना ठाऊक नसतं. पोत्यांची थप्पी छताला लागते. दाणाच नाही तर पोतं कोण नेणार? अप्पा त्या थप्पीवर बसून दिवसभर दाभणानं कान कोरायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "बसा, आज बी लई गर्दी हाय." दाभण म्हणजे पोतं शिवायची जाड सुई, नव्या वाचकांसाठी सांगून ठेवते. घरात एका वेळेला भाकरी, एका वेळेला ज्वारीच्या कण्या. कण्यांवर ताक नव्हतं, चिंचेचं पाणी होतं. टँकर आला की गल्लीत घागरींचा जो आवाज व्हायचा तो आजही कुठं पितळ पडलं की माझ्या कानात होतो, आणि मी उगाच उठून उभी राहते. सुना विचारतात, काय झालं? मी म्हणते, काही नाही, टँकर.

आणि त्याच सुमाराला आमचं लातूर जिल्हा झालं. आधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात. अप्पांच्या पोत्यांवर मारायचा पत्र्याचा छाप होता, त्यात अक्षरं कोरलेली, वरून काळा रंग फिरवला की खाली 'जि. उस्मानाबाद' उमटायचं. जिल्हा नवा झाल्यावर अप्पांनी तो छाप माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "निले, नवा कर." मी सातवी झाल्यावर शाळेतून काढलेली पोर, पण दुकानात रद्दी यायची त्यातलं सगळं वाचायची, पुड्याचा कागद सोडून वाचायची, त्यामुळं घरात लिहिण्या-वाचण्याचं काम माझंच. तेलाच्या डब्याचा पत्रा घेऊन छिन्नीनं मी चार दिवस 'जि. लातूर' कोरलं. बोटं फुटली. लातूरमधला 'र' जरा वाकडा आला. पण मारायचा कशावर? पोती जात नव्हती. तो छाप खिळ्याला लटकून राहिला, आणि जाता-येता मी त्याच्याकडं बघायचे.

तर अशात एके दुपारी सुशीला सिस्टर आल्या. मिशनच्या दवाखान्यात होत्या, माहेर नांदेडचं. गल्लीतली निम्मी लेकरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळं त्यांना कुणी बाहेरचं मानत नव्हतं. त्यांनी अप्पांकडं पोती मागितली. कशाला, तर म्हणे समुद्रापलीकडं एक देश आहे, हबशांचा, तिथं आपल्यापेक्षा वाईट दुष्काळ पडलाय. नांदेडला एक मंडळ त्यांच्यासाठी मदत गोळा करतंय. त्या देशात नाताळ मानतात, तेव्हा लेकरांसाठी सणाची भेट म्हणून एकेक गाठोडं करायचं. एक पांघरूण, एक अंगरखा, साबणाची वडी, फणी, चिंध्यांची बाहुली, खडीसाखरेचा पुडा. अप्पा थप्पीवरून खाली उतरले. आमच्यापेक्षा वाईट असं काही असतं, याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

सिस्टरांजवळ वर्तमानपत्रातलं एक चित्र होतं. आटलेल्या नदीच्या वाळूत झिरे खणून बायका ओळीनं बसल्यात, हातात वाट्या, शेजारी मडकी. अक्कानं ते चित्र घेतलं, दारात उजेडाला गेली आणि इतका वेळ बघत राहिली की अव्वानं तिला दोनदा हाक मारली. मग म्हणाली, "ही तर आपली मांजरा नदीच हाय की." सिस्टर म्हणाल्या, नाही हो अक्का, ही आफ्रिकेतली नदी. अक्का म्हणाली, "तुम्ही म्हणता तर आसंल. पर झिरा काढायची पद्धत बगा. आदी वाटीनं गढूळ काढून टाकायचं, मग भरायचं. ह्यी डाव्या हाताची बाई बगा, आमच्या धोंडूबाईवानी बसली हाय." मी चित्र घेऊन बघितलं. एवढ्या लांब, समुद्र ओलांडून, आणि बाई तशीच बसलेली.

मग ठरलं. मठाच्या मोठ्या ओसरीत काम मांडलं. आमच्या मठात दासोहाची रीत, म्हणजे जो येईल त्याला जेवण. त्या साली दासोहाची चूल दोन महिने थंड होती, आणि स्वामींना त्याचं वाईट वाटत होतं. त्यांनी ओसरी लगेच दिली. गल्लीतल्या वीस-बावीस बाया यायला लागल्या. गोधडीला आमच्याकडं वाकळ म्हणतात. प्रत्येकीनं जुनी लुगडी आणली. कापूस पिंजायला हलीमाखालाचा नवरा, पिंजारी. त्याची ती मोठी धनुकली दिवसभर वाजायची, टॅंव टॅंव, आणि कापूस असा उडायचा की बायांच्या पापण्या पांढऱ्या व्हायच्या. हलीमाखाला म्हणायची, "घ्या, दुष्काळात म्हाताऱ्या झालात सगळ्या." टाका मात्र तिच्यासारखा कुणाचा नाही. एका रेषेत, एका लांबीचा, जणू मुंग्या चालल्यात. अक्काचा टाका मोठा आणि तिरका, त्यावरून दोघींचं रोज व्हायचं. खाला म्हणायची, "अक्का, ह्यो टाका हाय का औशाची सडक? लेकरानं झोपंत पाय हलवला तर अडकंल त्यात." अक्का म्हणायची, "आडकू दे. रातचं उघडं तर पडणार न्हाई."

कोणीतरी एकदा सिस्टरांना विचारलं की ते लोक कोण जातीचे? सिस्टर दोरा ओवत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "उपाशी."

अक्कानं सगळ्यात जास्त वाकळी शिवल्या. अकरा. तिला मूलबाळ नव्हतं. औशाकडं तिच्या सासरचं दोन एकर रान होतं, नवरा गेल्यावर ते बटईनं दिलेलं. पण बी मात्र ती दरवर्षी स्वतः द्यायची. नवऱ्यानं राखलेलं वाण होतं ते, पिवळसर मोत्यासारखा दाणा आणि बुडाशी लाल ठिपका. प्रत्येक सुगीला टपोरी कणसं निवडून ती बी बाजूला काढायची, राख लावून मडक्यात भरायची, मडक्याला शेणामातीनं तोंड लिंपायची. त्या साली पाऊसच नाही म्हणून पेरणी झाली नाही, आणि बी मडक्यात राहिलं. आम्ही कण्या खायचो, पण त्या मडक्याकडं कुणी बघायचंसुद्धा नाही. घरात देव असतो तसं ते होतं.

आता मुख्य गोष्टीवर येते. गाठोडी भरायची, पोत्यात घालायची आणि तोंड शिवायचं, हे काम माझं. दाभण आणि सुतळी घेऊन मी ओसरीच्या टोकाला बसायचे. सिस्टरांनी पहिल्या दिवशीच मंडळाचा छापील कागद मला वाचायला लावला होता. त्यात होतं की गाठोड्यात कच्चं धान्य, बी-बियाणं, माती, कोंडा काही घालायचं नाही. दाण्याबरोबर कीड जाते, रोग जातो, दुसऱ्या मुलखाची शेती बुडते. मी मोठ्यानं वाचलं. बायांनी मान हलवली. पण बघा, आमच्याकडं एक रीत आहे. कापड कधी रिकामं देत नाहीत. लेकीला लुगडं दिलं तरी पदरात दाणे, बाळंतिणीला वाकळ दिली तरी घडीत दाणे. बिनदाण्याचं कापड फक्त मढ्यावर घालतात. आणि दुसरं, दाणा घालताना कुणी बघायचं नाही. दिलेली मूठ मोजली गेली की तिची बरकत जाते, असं म्हणतात.

तर प्रत्येक बाई आपलं गाठोडं घेऊन माझ्याजवळ यायची आणि हळूच म्हणायची, "निले, जरा तिकडं बग." मी बघायचे. मान वळवायचे, धनुकलीकडं बघायचे, मागं काहीतरी सरसर सांडल्याचा आवाज यायचा. मग बाई म्हणायची, "हं, शिव." मी शिवायचे. मनाशी म्हणायचे, खडीसाखर असंल. मला कळलं नव्हतं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. खडीसाखरेचा आवाज वेगळा आणि ज्वारीचा वेगळा, ते काय बारदान्यावाल्याच्या पोरीला कळत नाही? पण मोठ्या बाया, त्यांत माझी अव्वा, त्यांत अक्का. मान वळव म्हटलं की वळवायची, एवढंच मला शिकवलेलं होतं.

शेवटी दोनशेच्या वर गाठोडी झाली. प्रत्येकावर मी माझा छाप मारला. जि. लातूर. वाकड्या 'र'सकट. नव्या जिल्ह्याच्या नावानं गावाबाहेर गेलेली ती पहिली वस्तू, असं अप्पा पुढं जन्मभर सांगायचे. खरं-खोटं देव जाणे. कागदाच्या खाली सही करायची होती, की वर लिहिलेलं काहीही आत नाही. सिस्टर म्हणाल्या, शिवलंस तू, सही तूच कर. तोवर माझी सही कशावर नव्हती. मी पूर्ण नाव लिहिलं, अप्पांचं, आडनाव, सगळं. शाई वाळेपर्यंत फुंकत बसले. ट्रक अहमदपूरच्या वाटेनं नांदेडला निघाला तेव्हा सगळी गल्ली रस्त्यावर होती, आणि हलीमाखाला रडत होती, का ते तिलाही सांगता आलं नाही.

चार दिवसांनी अप्पांच्या शेजारच्या अडत्याकडं फोन आला. सिस्टरांचा, नांदेडहून. अप्पा ऐकून परत आले ते माझ्याकडं बघेनात. अव्वाला म्हणाले की गाठोड्यांत दाणे निघालेत. गुदामाच्या अंगणात गाठोडी ठेवली होती, त्यांवर चिमण्या बसल्या. दुष्काळातल्या चिमण्या, त्यांना बरोबर कळलं. चोची मारून मारून ताग फाडला. तपासणीच्या साहेबांनी पाच गाठोडी उसवली, पाचांतही ज्वारी. परवा रेल्वेचा डबा मुंबईला निघणार, तोवर सगळं उसवून दाणे काढले तर ठीक, नाहीतर लातूरचा माल माघारी. आणि कागदावर सही आहे तिला घेऊन या, म्हणाले.

माघारी. हा शब्द अव्वाला सहीपेक्षा जास्त लागला. सणाचं दिलेलं परत दारात येणं म्हणजे घेणारा मेला, असा आमच्याकडं अर्थ. मला मात्र माझं नाव दिसत होतं, शाईनं लिहिलेलं, आणि त्याच्या वर खोटं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं आम्ही बारा बाया निघालो. कधी नव्हे ते अप्पांनी आम्हा तिघींना एकदम जाऊ दिलं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा खालानं डब्यातली चटणी-भाकरी काढली, कुणीच खाल्ली नाही. मी अक्काशेजारी बसले होते. मी म्हटलं, अक्का, मला जेलात घालतील का? अक्का म्हणाली, "घालू दे की. तिथं दोन टाइम जेवायला देत्यात म्हनं." नंतर म्हणाली, "तुला सांगाया पाहिजे होतं. चुकलं." अक्का कुणाला चुकलं म्हणालेली मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकलं नाही.

नांदेड मी पहिल्यांदा बघितलं. पुलावरून गोदावरी बघितली. पाण्याची एक बारीक पट्टी होती, पण ती वाहत होती, आणि सगळ्या बाया एका बाजूला खिडक्यांशी गेल्या तशी गाडी कलली आणि कंडक्टर ओरडला. गुदामाचं अंगण मोठं, मध्ये हापसा, कडेला गाठोड्यांच्या राशी. गावोगावच्या. आमच्या आधीच नायगावकडच्या बाया येऊन बसल्या होत्या, त्यांची गाठोडी अजून तपासायची होती. त्यांच्यातली एक उंच बाई, आमचे पडलेले चेहरे बघून म्हणाली, "नवा जिल्हा मिळाला, पर वाचाया कुणी शिकवलं न्हाई वाटतं." आम्ही मान खाली घालून उसवायला बसलो. अर्ध्या तासानं त्यांच्या राशीखालून मुंग्यांची रांग निघाली. साहेबांनी त्यांचं एक गाठोडं उचलून हलवलं, आणि आतून तांदूळ सरकल्याचा आवाज सगळ्या अंगणानं ऐकला. हलीमाखाला त्या बाईकडं बघून म्हणाली, "बसा बाई, बसा. सुई हाय का, देऊ?" ती बाई आधी लाजली, मग अशी हसली की तिच्याबरोबर साहेबसुद्धा हसले. मग तीही आमच्याच ओळीत येऊन बसली.

आम्ही उसवत होतो. एकेक वाकळ उलगडायची, घडीतून मूठभर दाणे निघायचे, ते मध्ये अंथरलेल्या चादरीवर टाकायचे. सुरुवातीला कुणाचं लक्ष नव्हतं. दुपार झाली, ऊन डोक्यावर आलं, आणि मी पाणी प्यायला म्हणून उठले, वळून बघितलं, आणि तिथंच उभी राहिले. चादरीवर रास झाली होती. माझ्या गुडघ्याएवढी. पांढरी, पिवळी, लाल ज्वारी, मध्येच हिरवे मूग, कुणाचे तांदूळ. ज्या गल्लीत मी रोज कण्या मोजून वाढताना बघत होते, जिथं लेकराला दुसरी भाकरी मागायची नाही हे न सांगता कळायचं, त्या गल्लीतून हे निघालं होतं. तेही निवडलेलं, राख लावलेलं बियाणं. एकीनंही दुसरीला सांगितलं नव्हतं. हळूहळू सगळ्यांचे हात थांबले. सिस्टर पायरीवर बसल्या. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. मी इतक्या यात्रा बघितल्या, मोठाल्या मूर्ती बघितल्या, पण कशासमोर मी अशी गप्प झाले नाही. आजही नाही.

आणि मग मला त्या राशीत ते पिवळसर दाणे दिसले. बुडाशी लाल ठिपका. थोडेथोडके नाहीत. अकरा वाकळींत अकरा मुठी, आणि अक्काची मूठ मोठी. मी तिच्याकडं बघितलं. मी विचारलं, अक्का, मडकं? ती म्हणाली, "न्हाई राहिलं काही. मडक्यात मी चिंच घातली."

आता प्रश्न आला की या राशीचं करायचं काय. साहेब भले होते. म्हणाले, बायांनो, हे तुमचं बियाणं, घेऊन जा, पुढल्या साली पेरा; गाठोडी मी पुढं पाठवतो. सरळ होतं. अव्वा तर पदर पसरायलाही लागली. पण बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. दिलेलं परत न्यायचं आणि तिकडं रिकामी वाकळ जाऊ द्यायची, त्या लेकरांवर मढ्यासारखं कापड घालायचं. हे कुणाला सोसत नव्हतं, पण बोलणार कोण? सगळ्यांत जास्त ज्याचं तिथं होतं त्यानंच बोलायचं, आणि ते अक्काचं होतं.

अक्का साहेबांजवळ गेली. पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि विचारलं, "कच्चा दाणा चालत न्हाई. भाजलेला चालंल का?"

साहेबांनी कागद उघडला, आतून-बाहेरून वाचला. म्हणाले, भाजलेला चालतो, कोरडा पाहिजे, कच्चा एकही दाणा राहता कामा नये, आणि पुडा वेगळा बांधलेला पाहिजे.

"मग लाह्या करू."

अव्वा पुढं झाली. अव्वा तिला कधी उलट बोलली नव्हती, पण तेव्हा बोलली. "अक्का, बी भाजत नसत्यात. दाजींचं वाण हाय. एकदा भाजलं की संपलं, कुठं मिळणार न्हाई पुन्ना. आपलं तेवढं निवडून घिऊ, बाकीच्यांचं भाजू."

अक्का तिच्याकडं बघत राहिली. रागानं नाही. मग म्हणाली, "गिरजे, दिलं तवाच ते आपलं न्हाई राहिलं. माघारी नेलं तर उगवंल, उगवत न्हाई आसं न्हाई. पर त्या भाकरीचा घास माझ्या गळ्याखाली जायचा न्हाई."

अव्वानं पसरलेला पदर खोचला. मूग-तांदूळ निवडून बाजूला काढले, त्याची त्याच दुपारी खिचडी केली, ती दासोहासारखी मंडळाच्या माणसांना आणि अंगणातल्या सगळ्यांना वाढली. नायगावच्या बाया शेजारच्या वस्तीतून चार लोखंडी कढया घेऊन आल्या. ज्वारीला पाण्याचा हात लावून ती फडक्याखाली झाकली. अंगणात तीन दगडांच्या चार चुली मांडल्या. कढई तापली. पहिली मूठ टाकायची वेळ आली तेव्हा सगळ्या अक्काकडं बघायला लागल्या. अक्कानं चादरीवरून मूठ भरली, तीत पिवळसर दाणे जास्त होते, मी बघितले. तिनं मूठ कपाळाला लावली. आणि कढईत सोडली.

क्षणभर काही नाही. मग एक दाणा उडाला. मग दुसरा. मग सगळे. फडक्याच्या बोळ्यानं ती हलवत होती आणि तिच्या हाताभोवती पांढरं पांढरं फुटत होतं. तोवर मी नागपंचमीच्या लाह्या दरसाल बघितल्या होत्या, त्यांत काय बघायचं असतं? पण त्या दिवशी वाटलं की दाणा मरताना एवढा मोठा होतो, हे आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही. चारही कढया तडतडायला लागल्या. खाला हलवायची, ती उंच बाई चाळायची. फुटत नाही त्या दाण्याला गणंग म्हणतात. साहेबांचा कच्चा दाणा नको हा शब्द पाळून प्रत्येक गणंग चाळणीनं काढला, पुन्हा कढईत टाकून करपेपर्यंत भाजला आणि चुलीत घातला. चिमण्या हापशावर रांगेनं बसून बघत होत्या. संध्याकाळच्या आधी गुडघ्याएवढ्या राशीच्या कंबरेएवढ्या लाह्या झाल्या, शुभ्र, हलक्या, फुंकर मारली तर उडतील अशा. वर्तमानपत्राचे पुडे मी बांधले. या वेळी मान वळवली नाही. एकेक पुडा उघडून, बोट फिरवून, बघून बांधला. बायांनी बघू दिलं.

वाकळी पुन्हा घडी झाल्या, प्रत्येकीत एक पुडा गेला, मी पुन्हा तोंडं शिवली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी नवा कागद दिला. जुना त्यांनी माझ्यासमोर फाडला, पण मी तो तुकडा मागून घेतला, माझ्या नावाचा. मला म्हणाले, बाळ, आता वाचून सही कर. मी दोनदा वाचलं आणि सही केली. त्यानंतर आयुष्यात मी न बघता कशावर सही केली नाही. बँकेतली पोरं कंटाळतात, कंटाळू देत.

गाठोडी तिकडं पोचली का? मला ठाऊक नाही. सिस्टरांना मंडळाचं एक पत्र आलं, मदत मिळाली, आभारी आहोत, एवढंच, आणि ते सगळ्या गावांना आलं होतं. पुढच्या साली पाऊस झाला. अक्कानं बाजारातून आणलेलं बी पेरायला दिलं. पीक बरं आलं. त्याची भाकरी पांढरीफेक व्हायची, फुगायचीही. अक्का ती मुकाट्यानं खायची. चव कशी आहे, हे तिला कुणी विचारलं नाही.

पण त्या आधीची एक गोष्ट राहिली. त्याच हिवाळ्यातली, येळवशीची. वेळ अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे रानात. उभ्या ज्वारीत पूजा, मग भाज्या-डाळींची भज्जी, ताकाचं अंबिल, बाजरीचे उंडे, आणि रीत अशी की बांधावरून जो जाईल, ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. त्या साली रानात काही उभं नव्हतं. तरी अक्का म्हणाली, जायाचं. औशाकडच्या त्या रानात आम्ही चौघं गेलो. काळी भेगाळलेली भुई, वर कोरडं ऊन. भज्जी नव्हती, अंबिल पाण्यासारखं. अव्वानं पाच खडे मांडून पूजा केली. मग अक्कानं कनवटीचं गाठोडं सोडलं. त्यात दोन मुठी लाह्या होत्या. नांदेडच्या अंगणात चाळणीखाली सांडलेल्या, तिनं वेचून घेतलेल्या. महिनाभर तिनं त्या जपल्या होत्या, घरात कुणाला माहीत नव्हतं.

तिनं मला विचारलं, "निले, त्यांचा नाताळ कधी म्हणाल्या व्हत्या सिस्टर?" मी म्हटलं, याच आठवड्यात. "अन् समुद्र कुन्या बाजूला?" मी सोलापूरच्या सडकेकडं हात केला, मावळतीला.

अक्का बांधावर जाऊन उभी राहिली. मूठभर लाह्या तिनं मावळतीकडं उधळल्या. वाऱ्यानं त्या थोड्या लांब गेल्या आणि काळ्या भुईवर पडल्या. आणि मग, रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला म्हणावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "या जेवायला."

अप्पांनी टोपी नीट केली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि हात पुढं केला. तिनं उरलेली मूठ माझ्या हातात दिली.